बादलीभर कढत पाण्याचा हिशेब

आपल्याकडे घर तापवायची पद्धत नाही. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की वर्तमानपत्रांत शेकोटीचे फोटो येतात, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी येते आणि आठवडाभरात लोक पुन्हा पंखा लावून झोपू लागतात. जुन्या घरांत मुद्दाम तापवलेली खोली एकच असे, ती बाळंतिणीची. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यात टाकलेल्या ओव्या-बाळंतशेपाची धुरी, दारं-खिडक्या ओढून घेतलेल्या. बाकीच्यांनी आपापली घोंगडी ओढावी. पाणी मात्र सगळ्यांनाच तापवून लागे, आणि तेही बहुतेक बारा महिने. स्वयंपाक वगळला तर मराठी कुटुंबाचा उष्णतेवरचा जवळजवळ सगळा खर्च न्हाणीघरात होतो.

हा खर्च नेमका किती, हे विचारून पाहा. ज्याच्या घरी जे आहे ते स्वस्त, असं उत्तर मिळतं. गीझरवाल्याला गॅस महाग वाटतो, गॅसवाल्याला वीज. सोलरवाला तर पाणी ‘फुकट’ असल्याचं सांगतो आणि टाकीच्या खर्चाचा आकडा विसरलेला असतो. एका नातेवाइकांनी मला ठामपणे सांगितलं की गीझर दिवसभर चालूच ठेवावा, म्हणजे पाणी पुन्हा पुन्हा तापवावं लागत नाही आणि वीज वाचते. हे सांगणारे गृहस्थ निवृत्त लेखापरीक्षक आहेत.

तेव्हा माप ठरवून हिशेब मांडणं आलं. माप म्हणजे बादली. न्हाणीघरातली साधारण बादली २० लिटरची. डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे १८ अंशांच्या आसपास असतं, आणि अंगावर घ्यायला ४३ अंशांचं पाणी बरं वाटतं. म्हणजे २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं. अर्धी बादली कढत करून वर विसण घातलं काय किंवा बादलीभर पाणी बेताचं तापवलं काय, लागणारी उष्णता तेवढीच: ५०० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. म्हणून एका अंघोळीला ०.५८ युनिट उष्णता लागते. हा आकडा निसर्गनियमाचा आहे. त्यात कंपनी, मॉडेल, तारे, सवलत यांनी काही बदल होत नाही. ही उष्णता कुठून आणायची आणि वाटेत किती सांडायची, एवढंच आपल्या हातात.

सुरुवात विजेपासून करू, कारण भांडणं तिच्यावरच होतात.

महावितरणचं २०२४-२५चं घरगुती दरपत्रक समोर ठेवलं आहे. पहिली १०० युनिटं ४ रुपये ७१ पैशांनी, १०१ ते ३०० ही १० रुपये २९ पैशांनी, ३०१ ते ५०० ही १४ रुपये ५५ पैशांनी. प्रत्येक युनिटावर १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार आणि इंधन समायोजन बाजूला ठेवलं तरी ग्राहकाला युनिट पडतं ते अनुक्रमे ६ रुपये ८२ पैसे, १३ रुपये २९ पैसे आणि १८ रुपये २४ पैसे. नंतरच्या वर्षात दर थोडे हलले आहेत, पण पायऱ्यांची रचना तीच आहे, आणि हिशेबाची मेख त्या पायऱ्यांतच आहे.

रॉडने पाणी तापवलं तर थोडी गळती धरून बादलीला ०.६ युनिट लागतं. पहिल्या पायरीवर ही बादली ४ रुपयांना पडते, दुसरीवर ८ रुपयांना, तिसरीवर ११ रुपयांना. रॉड तोच, पाणी तेच, बादलीही तीच. मग आपली बादली कोणत्या पायरीवरची? बहुतेक लोक बिलाची रक्कम भागिले युनिटं करून सरासरी काढतात, आणि गफलत इथेच होते. चौघांचं घर घ्या. फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही, वॉशिंग मशीन मिळून महिन्याला १०० युनिटं होतात. त्यावर रोजच्या चार बादल्यांची ७२ युनिटं चढली. बिल १६३९ रुपये, सरासरी युनिट साडेनऊ रुपयांचं, म्हणजे बादली पावणेसहा रुपयांना पडली, असं वाटतं. पण पाणी तापवायचं सोडून दिलं तर बिलातून जातील ती वरची ७२ युनिटं, आणि ती सगळी १३ रुपये २९ पैशांची आहेत. पाण्याचा खरा खर्च ९५७ रुपये, बादलीमागे ८. फ्रिज बंद करता येत नाही, पंख्याशिवाय झोपता येत नाही, म्हणून गीझरचं युनिट हे बिलातलं शेवटचं युनिट धरावं. त्याचा भाव सगळ्यात वरच्या पायरीचा असतो.

ज्या घराचा सगळा वापर शंभर युनिटांच्या आत राहतो, आणि राज्यातली बरीचशी घरं तशीच आहेत, त्यांना विजेची बादली चार रुपयांत मिळते. एकट्याने राहणाऱ्या नोकरदाराने, दोघंच असलेल्या म्हाताऱ्या जोडप्याने स्वस्तातला रॉड वापरला तर त्यांना कोणी अडाणी म्हणू नये. हिशेबाने तेच बरोबर आहेत. फक्त रॉड लावलेल्या बादलीत बोट घालून पाणी तापलं का ते पाहू नये, आणि घरात ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवून घ्यावा.

आता त्या लेखापरीक्षक नातेवाइकांचा मुद्दा. टाकीचा गीझर हा थर्मासच्या कुळातला, पण गरीब थर्मास. पंधरा लिटरची टाकी गरम ठेवायला, पाण्याचा थेंबही न वापरता, दिवसाकाठी अर्धं ते एक युनिट जातं. पंचतारांकित लेबल असेल तर कमी, जुनाट असेल तर जास्त. दिवसभर चालू ठेवलेला गीझर महिन्याला वीस-पंचवीस युनिटं भिंतीतून आणि पाइपातून उडवतो, म्हणजे दुसऱ्या पायरीवर तीनेकशे रुपये. पाणी जितकं गरम तितकी गळती अधिक, हे ध्यानात घेतलं की वाद मिटतो. अंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं लावावा, सगळ्यांनी पाठोपाठ अंघोळी उरकाव्यात आणि बटण बंद करावं. काटा ५० अंशांवर ठेवला तर जड पाण्याच्या गावी क्षारही कमी साचतात.

भिंतीवरच्या तीन लिटरच्या ‘इन्स्टंट’ गीझरबद्दल मात्र गैरसमज दुसऱ्या टोकाचा आहे. तीन किलोवॅटचं यंत्र मिनिटाला ४३ किलोकॅलरी देतं. आपल्या २५ अंशांच्या हिशेबाने मिनिटाला १.७ लिटर पाणी. बादली भरायला बारा मिनिटं. त्याखाली शॉवर जोडून ‘पाणी तापतच नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांना दुकानदार काही सांगत नाही, साडेचार किलोवॅटचं मॉडेल दाखवतो. शॉवर मिनिटाला आठ-नऊ लिटर पाणी ओततो. दहा मिनिटांच्या शॉवरला चार बादल्यांचं पाणी लागतं. या लेखातला कुठलाही आकडा शॉवरवाल्यांनी चारने गुणून घ्यावा.

जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळातल्या वापरावर युनिटमागे ऐंशी पैशांपासून सवलत सुरू झाली आहे. अंघोळी सहा ते आठ या वेळात होतात. रविवारी उशिरा न्हाऊन घेणाऱ्यांना या सवलतीचा लाभ होईल.

गॅसचा हिशेब सोपा आहे, त्याला पायऱ्या नाहीत. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर मुंबईत १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना झालं, किलोला ६० रुपये. एक किलो गॅसमध्ये सुमारे १०,९०० किलोकॅलरी. गॅस गीझर त्यातल्या ८० टक्क्यांच्या आसपास पाण्याला पोचवतो. बादलीला ५७ ग्रॅम गॅस, म्हणजे ३ रुपये ४४ पैसे. शेगडीवर पातेलं ठेवलं तर कडेने ज्वाळा वाया जाते. तिथे सव्वाचार रुपये होतात. चौघांच्या घराला गीझरवर महिन्याला ४१३ रुपये, अर्ध्या सिलिंडरहून किंचित कमी. मुंबईत पाइपच्या गॅसचा घनमीटरचा भाव पन्नाशीच्या आसपास आहे, आणि एका घनमीटरात साधारण ८,५०० किलोकॅलरी धरल्या तर बादली साडेतीन-पावणेचार रुपयांपर्यंत जाते. सिलिंडर आणि पाइप यांत बादलीच्या हिशेबाने फारसा फरक नाही. सोय हाच फरक.

विजेच्या दुसऱ्या पायरीवरच्या घरात ९५७ विरुद्ध ४१३. वर्षभराचा हिशेब करताना उन्हाळा वजा करावा लागतो, कारण मे महिन्यात टाकीतलं पाणीच तापलेलं येतं. सरासरीने हिवाळ्याच्या सत्तर टक्के खर्च धरला तरी वर्षाला विजेवर आठ हजार आणि गॅसवर साडेतीन हजार. भाड्याच्या घरात, दोन खणांच्या न्हाणीघरात, घरमालकाला न विचारता बसवता येणारं यंत्र गॅसचंच. गेल्या वीस वर्षांत गल्लोगल्ली ते का पसरलं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

लाकडाकडे वळताना मी प्रथम पुण्याच्या तांबट आळीत गेलो. कसब्यातल्या या आळीत अजून तांब्यावर मठारकाम चालतं. बोलायचं असेल तर हातोडे थांबायची वाट बघावी लागते. एका दुकानात तांब्याचा बंब उभा होता. मधोमध उभी नळी, तिच्यात वरून लाकडाच्या ढलप्या किंवा कोळसे टाकायचे. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, नळीभोवती पाण्याचा कोठा आणि खाली तोटी. ज्वाळा पाण्याच्या पोटातून वर जाते, त्यामुळे उघड्या चुलीच्या मानाने उष्णता कितीतरी कमी सांडते. तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवला तर लाकडातली जेमतेम दहा-बारा टक्के उष्णता पाण्यात जाते. बंबाला मी तीस टक्के धरले. ज्याने कोणी हा घाट प्रथम घडवला त्याला उष्णतेचं शास्त्र हाताने कळलेलं होतं.

“गिऱ्हाईक येतं का?” मी विचारलं.

“येतं की. फार्महाउसवाले येतात, रिसॉर्टवाले येतात. परवा एक बाई विचारत होत्या, याच्यात मनीप्लँट लावता येईल का.”

वाळलेल्या लाकडात किलोला सुमारे ३,७०० किलोकॅलरी असतात. बंबाला बादलीमागे पाऊण किलोही लागत नाही, साडेचारशे ग्रॅम पुरतं. वखारीत किलोला दहा रुपये मोजले तर साडेचार रुपये. चुलीवर तेच पाणी अकरा रुपयांचं. म्हणजे शहरात लाकूड विकत आणून बंब पेटवणं गॅसहून महाग पडतं, आणि घासायची चिंच वेगळी.

पण लाकूड विकत आणतंय कोण? गुहागरकडच्या एका घरी, परसातल्या न्हाणीत, सकाळी सहालाच चूल पेटलेली होती. चुलीत नारळाची सोडणं आणि झावळीचे तुकडे, वर धुराने काळाकुळकुळीत झालेला हंडा. घरात गॅस होता, दोन सिलिंडर होती. चहा त्यावर होत होता.

“आजी, पाणी गॅसवर का नाही तापवत?”

“गॅस काय अंघोळीला जाळायचा? वाडीत एवढा पातेरा पडतो, सोडणं कुजून जातात. ती कुठं टाकू?” त्यांनी फुंकणी खाली ठेवली. “आणि गॅसवरच्या पाण्याला ऊब नसते.”

शेवटच्या वाक्याला शास्त्रात आधार नाही, पण वाद घालायची हिंमत मला झाली नाही. पहिल्या वाक्यात मात्र तथ्य होतं. विदर्भात कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी, मराठवाड्यातल्या तुराट्या, गोवऱ्या, उसाची चिपाडं हे सगळं इंधन घरचं आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, गावोगाव सिलिंडर पोचली, स्वयंपाकाची चूल बऱ्याच घरांत विझली. न्हाणीतली चूल त्यामानाने टिकून राहिली. स्वयंपाकाचा धूर डोळ्यांत जातो, भांडी काळी होतात. अंघोळीचं पाणी परसात तापतं, धूर आभाळात जातो आणि हंडा काळा असला तरी कोणाला लाज वाटत नाही.

फुकट म्हणून या बादलीचा भाव शून्य लिहावा का? रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९. सोडणं गोळा करणं, झावळ्या तोडणं, पावसाळ्याआधी माळ्यावर रचून ठेवणं, पहाटे उठून जाळ लावणं, फुंकणं, राख काढणं यांत रोजचा अर्धा तास तरी जातो. साडेएकोणीस रुपये. घरात चार अंघोळी असतील तर बादलीला जवळजवळ पाच रुपये. गॅसच्या बादलीहून दीड रुपया जास्त. हा दीड रुपया कोणाच्या बिलात येत नाही, कारण तो अर्धा तास बहुतेक घरांत एकाच बाईचा असतो आणि तिला त्याचे पैसे कोणी देत नाही. खरोखरीची फुकट बादली एकच: भाकऱ्या भाजताना चुलीच्या वैलावर ठेवलेलं तपेलं. ती उष्णता एरवी वायाच जायची.

सोलरचा हिशेब करताना लोक नेमके उलटे घसरतात. ज्यांच्याकडे आहे ते खर्च विसरतात, ज्यांच्याकडे नाही ते खर्चालाच घाबरतात. काचेच्या नळ्यांची १०० लिटरची साधी यंत्रणा वीस-पंचवीस हजारांत बसते, तांब्याच्या पत्र्याची त्याहून महाग. केंद्राचं जुनं अनुदान २०१४ मध्ये थांबलं. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये सौर वॉटर हीटरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हा अलीकडचा दिलासा. पुणे महापालिका सोलर, पर्जन्यजलसंधारण, गांडूळखत यांपैकी एक असलं तर मालमत्ताकरातल्या सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन असली तर १० टक्के सूट देते. कितीतरी घरमालक हा अर्जच करत नाहीत.

पंचवीस हजार किती दिवसांत फिटतात? ते तुम्ही काय बंद करून सोलर लावता यावर आहे. वर्षातली तीन-चतुर्थांश गरज सूर्य भागवतो असं धरू. आषाढ-श्रावणात तो रजेवर असतो. वीज वापरणारं घर वर्षाला सहा हजार वाचवतं, चार वर्षांत पैसे वसूल. गॅस वापरणाऱ्या घराची बचत अडीच हजारांच्या आसपास, तिथे नऊ-दहा वर्षं लागतात. जाहिरातीत नेहमी पहिलाच आकडा असतो.

आणि हे झालं बंगल्याचं. सोसायटीत गोष्ट वेगळी. सोलापूरच्या एका सोसायटीचे सचिव मला गच्चीवर घेऊन गेले. नळ्यांच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा थर बोटभर जाड झाला होता. बोअरचं पाणी. “दर दोन वर्षांनी ॲसिडने धुवावं लागतं,” ते म्हणाले, “आणि वर्गणी मागितली की खालच्या मजल्यावरचे म्हणतात, आम्हाला गरम पाणी येतंच कुठं?” त्यांचं खोटं नाही. दहा मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यापर्यंत पाऊण इंची पाइपातून पाणी यायचं म्हणजे वाटेतलं सहा-सात लिटर गार पाणी आधी सोडून द्यावं लागतं. एका बादलीतला तिसरा हिस्सा. सोलापुरात, जिथे नळाला पाणी कधी येणार हे आधी विचारावं लागतं, तिथे हा सौदा कोणी करत नाही. मग खालचे लोक गीझर लावतात आणि गच्चीवर पाणी उकळत राहतं. बांधकामाच्या नियमांत सोलरची अट आहे म्हणून बिल्डर ते बसवतो. पाइपाला उष्णतारोधक आवरण घालणं आणि पाणी फिरतं ठेवणारी वळसा-लाइन टाकणं या गोष्टींवर मात्र तो पैसे वाचवतो.

गच्चीला आता दुसरा दावेदारही आला आहे. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या वीजपॅनेलांना ७८ हजारांचं अनुदान मिळतं, आणि तेवढी पॅनेलं आपल्याकडे वर्षाला चार हजारांच्या आसपास युनिटं देतात. ज्याच्या घरी ती आहेत त्याने गीझर खुशाल वापरावा. त्याची वरची पायरीच गायब झालेली असते.

उष्णतेच्या पंपाबद्दल थोडक्यात. फ्रिज उलटा फिरवावा तसं हे यंत्र: हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतं. एका युनिट विजेत तीन युनिटांची उष्णता मिळते. चौघांच्या घराचं महिन्याचं बिल सव्वातीनशे रुपयांच्या आत, गॅसपेक्षाही कमी. पण घरगुती यंत्राची किंमत लाखाच्या आसपास जाते, आणि गॅसवर महिन्याला नव्वदेक रुपये वाचवण्यासाठी लाख घालणारा अजून जन्मायचा आहे. लॉज, वसतिगृहं, इस्पितळं यांना मात्र ते परवडतं; महाबळेश्वरच्या एका लॉजमालकांनी डिझेलचा बॉयलर काढून ते बसवलं आहे आणि ते खूश आहेत.

जिथे घरच तापवावं लागतं, तिथेही प्रश्न हाच आहे. इंग्लंडमधल्या रेडिंगला राहणारा एक मराठी अभियंता फोनवर हेच सांगत होता. तिथल्या सर्वसाधारण घराचा वर्षाचा गॅस ११,५०० युनिटांचा धरतात; आपल्या चौघांच्या अंघोळी वर्षाला सहाशे युनिटांच्या आत भागतात. ऑक्टोबर २०२५ च्या दरमर्यादेनुसार तिकडे विजेचं युनिट २६.३५ पेन्सचं आणि गॅसचं ६.२९ पेन्सचं. वीज गॅसच्या चौपट. सरकार उष्णतेच्या पंपाला साडेसात हजार पौंड देतं, तरीही पंपाने एका युनिटाचे पावणेचार केल्याशिवाय तो गॅस बॉयलरची बरोबरी करत नाही. “शेगडीसुद्धा विजेची करून गॅसचं मीटरच काढून टाकलं तर रोजचे ३४ पेन्स स्थिर आकार वाचतात, तेव्हा जमतं,” तो म्हणाला. मी आपल्याकडचं गुणोत्तर काढून पाहिलं. सिलिंडरमधल्या उष्णतेचं युनिट पावणेपाच रुपयांना पडतं, महावितरणची तिसरी पायरी सव्वाअठरा रुपयांना. तेही जवळजवळ चौपट.

नागपूर-नाशकाकडे हल्ली थंडीत खोलीसाठी हीटर घेतात, लहान मूल घरात असलं तर हमखास. तारेचा, पंख्याचा, तेलाचा असे प्रकार दुकानात दिसतात आणि तेलाचा ‘वीज कमी खातो’ असं सांगितलं जातं. हे खरं नाही. दोन किलोवॅटचा कोणताही हीटर तासाला दोन युनिटं खातो आणि दोन युनिटांचीच उष्णता देतो. दुसऱ्या पायरीवर तासाला साडेसव्वीस रुपये. तेलाचा भाजत नाही, म्हणून बाळाच्या खोलीत बरा, एवढंच. घरात गरम हवेची सोय असलेला एसी असेल तर तो या सगळ्यांच्या एक-तृतीयांश विजेत खोली तापवतो.

तर भाव असे लागले. शंभर युनिटांच्या आतलं घर: रॉड किंवा गीझर, चार रुपये. त्यावरचं घर, स्वतःची गच्ची आणि बरं पाणी असेल तर: सोलर. बाकी सगळ्यांना, म्हणजे शहरातल्या बहुसंख्य मध्यमवर्गाला: गॅस गीझर, साडेतीन रुपये. हिशेबाने गॅसच जिंकतो, आणि म्हणूनच त्याची दुसरी बाजू इथे लिहिणं भाग आहे.

दरवर्षी थंडीत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी येते. न्हाणीघरात गॅस गीझर, दार आतून बंद, बराच वेळ आवाज नाही, दार तोडलं. कधी तरुण मुलगी, कधी नवरा-बायको. ‘गुदमरून’ असं छापून येतं आणि लोकांना वाटतं गॅस गळला असेल. बहुतेकदा गॅस गळलेला नसतो, गीझर बिघडलेलाही नसतो. एक किलो गॅस जाळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गीझर मिनिटाला १७ ग्रॅम गॅस जाळतो. वीस मिनिटं शॉवर घेतला तर साडेचार घनमीटर हवा संपते, म्हणजे १६० घनफूट. आपलं न्हाणीघर पाच बाय सहा, उंची आठ फूट: २४० घनफूट. खिडकी थंडीने लावलेली, दाराखाली पायपुसणं. ही दोन-तृतीयांश हवा ज्योतीने खाऊन संपायच्या कितीतरी आधीच प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो घशात खवखवत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. आधी डोकं जड होतं, मग पायांतलं बळ जातं, आणि कडी दोन फुटांवर असून हात पोचत नाही. एक्झॉस्ट पंखा लावला म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी हेही पाहावं की दार बंद असताना आत येणारी हवा कुठून येणार.

यावरचा उपाय स्वस्त आहे. गीझर बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावायचा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्यायचा. ज्या प्लंबरशी मी बोललो त्याने दहा-पंधरा फूट पाइप आणि एका दिवसाची मजुरी धरून अडीच हजार सांगितले. “पण लोक म्हणतात, बाहेर लावला तर पाणी तापायला अर्धं मिनिट जास्त लागतं,” तो म्हणाला. चौघांच्या घरात पाच वर्षांत ७,२०० बादल्या तापतात. अडीच हजार त्यांवर वाटले तर बादलीला पस्तीस पैसे होतात. तीन रुपये चव्वेचाळीसमध्ये ते मिळवले तरी बादली चार रुपयांच्या आतच राहते.

तुमच्या घरी गॅस गीझर न्हाणीघराच्या आत असेल, तर थंडी वाढायच्या आधी तो बाहेर काढून घ्या. बाल्कनी नसेल, घरमालक ऐकत नसेल, तर तो गीझर वापरू नका. शेगडीवर पातेलं ठेवा. सव्वाचार रुपये लागतील.